न हुंगलेलं भरीत

दुधाची पिशवी कापल्यावर हर्षलानं फोन पिशवीच्या तोंडाशी धरला आणि मनात चार अंक मोजले. फोनच्या कडेला शर्टाच्या बटणाएवढी चकती बसवलेली होती. तिच्यावर हिरवा ठिपका उमटला.

"दूध ताजं आहे," फोन म्हणाला. आवाज अगदी हळू होता. तो तिनंच तसा ठेवला होता.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा हेमराज वर्तमानपत्र वाचत बसला होता. निवृत्त झाल्यापासून त्याची खुर्ची थोडी थोडी सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. हर्षलानं दूध पातेल्यात ओतलं, फोन खिशात टाकला आणि शेगडी लावली. रोजच्यासारखीच सकाळ होती. चौदा महिने अशाच सकाळी चालल्या होत्या आणि घरात कुणाला काही कळलेलं नव्हतं. निदान तिची तशी खात्री होती.

चौदा महिन्यांपूर्वी तिला पाच दिवस ताप आला. सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून ती लसूण सोलायला बसली. लसूण बोटांना चिकट लागला, डोळ्यांना दिसला, पण नाकापर्यंत काहीच पोचलं नाही. तिनं उठून एकेक डबा उघडला. हिंग, कॉफी, ओवा. मग देवघरातला कापूर, मग मोरीतलं फिनेल. एकतीस वर्षं तिनं भुसावळच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. प्रत्येक नमुन्याच्या तक्त्यात रंग, गढूळपणा आणि वास असे रकाने असत. बाकीच्यांना यंत्रं होती. वासासाठी मात्र चंबू कोमट करायचा, हलवायचा आणि स्वतः हुंगायचा. त्या दिवशी मोरीच्या दारात उभं राहून तिनं मनातल्या मनात स्वतःचा तक्ता भरला. वास: नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं. नाकाच्या वरच्या भागात नखाएवढी जागा असते. तिथल्या पेशी हवेतले रेणू ओळखतात आणि मेंदूला कळवतात. विषाणूनं त्या पेशींना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशी मारल्या होत्या. वर्षा-दोन वर्षांत वास परत येईल, कदाचित येणार नाही. जीभ शाबूत होती, पण जिभेचं काम फार थोडं असतं. खारट, आंबट, गोड, कडू आणि डाळीच्या आमटीत असतो तो रुचकरपणा. आपण ज्याला चव म्हणतो ती बहुतेक सगळी घशाच्या मागून नाकाकडे जाणारा वासच असतो. मीठ कमी पडलं तर तिला कळे. मिरची कळे, कारण मिरची ही चव नसून वेदना आहे. पण आलं आणि लसूण यांत फरक उरला नव्हता. वरण आणि कोमट पाणी यांत थोडाच उरला होता.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. त्यामागं एक कारण होतं. त्याच्या आदल्याच वर्षी समोरच्या फेगडे काकूंची कढई शेगडीवर जळत राहिली. काकू शेजारच्या खोलीत बसलेल्या, त्यांना वासच आला नाही. खिडकीचा पडदा गेला, भिंत काळी झाली. महिन्याभरात मुलानं त्यांना नाशिकला नेलं, वृद्धांच्या एका संकुलात. तिथं सगळ्यांचं जेवण खालच्या मेसमध्ये आणि खोल्यांना स्वयंपाकघरच नाही. हर्षलानं ही बातमी पुण्याला ऋजुताला, आपल्या मुलीला, फोनवर सांगितली तेव्हा ऋजुता म्हणाली होती, "बरोबर केलं त्यांनी. वास येत नसेल तर स्वयंपाकघर बंदच करायला हवं, मम्मी. पुढं कोण जबाबदारी घेणार?"

सहज म्हणाली होती. हर्षलाला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं.

तिच्या हाताशी होती ती पळी.

पळी हे ॲप एव्हाना बहुतेक घरांत होतं. काय रांधायचं ते ठरवलं की साहित्याची यादी होई, डब्यांत काय संपलंय ते ती लक्षात ठेवी आणि सामान दारात येऊन पडे. नंतर पळीला नाक आलं. त्या बटणाएवढ्या चकतीत धातूंच्या ऑक्साइडचे चौसष्ट पातळ ठिपके होते. वाफेतले रेणू त्यांच्यावर बसले की प्रत्येक ठिपक्याची वीज अडवण्याची ताकद थोडीशी बदले, आणि प्रत्येकाची वेगळी. एकट्या ठिपक्याला काहीच ओळखता येत नसे. चौसष्टांचा मिळून जो नमुना उठे, तो लक्षात ठेवता येई. माणसाचं नाकही असंच काम करतं, फक्त त्याच्याकडे असे चारशे प्रकार असतात.

पळीला शिकवावं लागे. पदार्थ मनासारखा झाला की चकती वाफेवर धरायची आणि म्हणायचं, "हे बरोबर." ऋजुतानं चकती आणून दिली ती तापाच्या सहा महिने आधी. नव्या उपकरणाच्या हौसेनं हर्षलानं एकशे बारा पदार्थ शिकवून ठेवले होते. गोडं वरण, कढी, डुबुक वड्या, भरीत. त्यामुळं आता पळी जेव्हा "बरोबर" म्हणे, तेव्हा ते यंत्राचं मत नसे. ते हर्षलाच्या जुन्या नाकाचं मत असे. तिला त्याचा मोठा आधार वाटायचा. आपण आपल्यालाच विचारतो आहोत, दुसऱ्या कुणाला नाही.

"शेंगदाणे मी यादीतून काढलेत," हेमराज दारातून म्हणाला.

"पुन्हा? अहो, उद्या सकाळी दारात आले असते."

"मी आणतो."

"दोन किलो शेंगदाण्यांसाठी स्कूटर काढणार?"

"तुझ्या पळीला तळहातावर दाणा चोळून फुंकर मारता येते का?"

"तुम्हाला काम नाही म्हणून ही नाटकं. तेल तुम्ही आणणार, खोबरं तुम्ही आणणार. त्या दुकानदारानं तुम्हाला आता गल्ल्यावरच बसवावं."

"विचारलं होतं. म्हणाला, तुमचं नाक फार लांब आहे, गिऱ्हाइकं पळतील."

हेमराजनं छत्तीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये काढली होती. कुठली वायर तापली आहे ते झाकण उघडण्याआधी वासावरून सांगायचा, असं त्याचे सोबती अजून सांगतात. निवृत्तीनंतर हा माणूस बाजारात रमतोय, एवढंच हर्षलानं त्यातून काढलं होतं. मार्गशीर्ष लागला होता आणि तिच्या डोक्यात दुसरंच गणित चालू होतं.

चंपाषष्ठीला हेमराजच्या बऱ्हाटे घराण्याचा खंडोबाचा नैवेद्य असे, यावलच्या वाटेवर चुलतदिरांच्या शेतात. भरीत आणि बाजरीचा रोडगा. चाळीस माणसं जेवायची आणि नऊ वर्षं भरीत हर्षलाच करत होती. मागल्या खेपेला तापातून उठून दोनच महिने झाले होते. तेव्हा शेतातल्या खोलीत शेगडी लावून, दार लोटून तिनं पळीच्या भरवशावर निभावलं होतं. सगळ्यांनी बोटं चाटली. या खेपेला सिंधूआत्या चार दिवस आधीच येऊन राहिल्या.

सिंधूआत्या म्हणजे हेमराजच्या वडिलांची धाकटी बहीण. वय ब्याऐंशी, कणा सरळ, आवाज त्याहून सरळ. आल्या दिवशी संध्याकाळी त्या पाट टाकून स्वयंपाकघरात बसल्या. हर्षलानं नेहमीच्या सवयीनं आमटीवर फोन धरला.

"हे काय गं? फोटो काढते का आमटीचा?"

"नाही आत्या. याला नाक आहे. वास घेऊन सांगतं फोडणी कशी झाली ते."

आत्या थोडा वेळ चकतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे हुंगतं."

"तसंच काहीसं."

"मग षष्ठीला ते शेतावर आणू नको, बाई."

हर्षलाचा हात तसाच थांबला.

"नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही, हुंगायचा नाही. पोरं नाकं वर करून आली तर आमची आई चिमटा फेकून मारायची. आणि हा हुंगणारा डबा तू पातेल्यावर धरणार? देवानं काय याचं उष्टं खायचं?"

हेमराज दारातून म्हणाला, "आत्या, ते यंत्र आहे. त्याला जीव कुठं आहे?"

"जीव नाही, मग हिला सांगतं कसं, झालं म्हणून?"

"थर्मामीटर ताप सांगतो, तसं."

"थर्मामीटर तोंडात घातलेला मी देवापुढं ठेवते का?"

हेमराज आपल्या खुर्चीकडे वळला. हर्षलाकडे एकच उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मला त्याची गरज आहे, आत्या. तिनं फोन खिशात ठेवला आणि म्हणाली, "नाही आणणार."

"शिधा पण एकदा देवापुढं ठेवला की त्याला नाक लावायचं नाही," आत्यांनी पुढचं कलम सांगितलं. "दाणे, तेल, खोबरं, सगळं आलं त्यात."

रात्रभर विचार करायला हर्षलाला आवडत नसे. सकाळी आंघोळ करून तिनं जुनी वही काढली. प्रयोगशाळेत एखादं चांगलं यंत्र दुरुस्तीला जायचं असलं की ते जाण्याआधी साध्या उपकरणांची त्याच्याशी तुलना करून घ्यायचे. मग महिनाभर साध्यावर काम भागे. तिच्याकडे दोन साधी उपकरणं होती, डोळे आणि कान. पळी अजून दोन दिवस हाताशी होती.

हेमराज आत्यांना घेऊन दवाखान्यात गेला होता. तिनं छोट्या कढईत आठ वेळा लसणाची फोडणी केली. एका हातात फोन, समोर भिंतीवरचं घड्याळ. वहीत लिहीत गेली. लसूण ठेचलेला, दहा पाकळ्या, तेल तीन डाव. तडतड सुरू, चौदा सेकंद. तडतड विरळ, अडतीस. कडा बदामी, एकेचाळीस. पळी म्हणते बरोबर, त्रेचाळीस. पळी म्हणते करपतोय, बावन्न.

मधले नऊ सेकंद. एवढ्यात वांग्याचा गर कढईत पडला पाहिजे. लसूण एकदा करपला की भरीत कडवट होतं आणि त्याला मग उपाय नाही. आठव्या वेळी तिनं फोन पालथा ठेवला, फक्त ऐकून गॅस... नव्हे, शेगडी बंद केली, आणि मग चकती धरली. "बरोबर," पळी म्हणाली. हर्षला स्वतःशीच हसली. गॅस जाऊन विजेची शेगडी आली त्याला सहा वर्षं झाली होती, तरी मनातल्या मनात ती अजून गॅसच बंद करत होती.

राहिले शेंगदाणे. दाणा खवट झाला की त्यातलं तेल हवेनं बिघडतं आणि हेक्सनाल नावाचा रेणू तयार होतो. अगदी किंचित असला तरी नाक तो पकडतं. डोळ्यांना मात्र दाणा तसाच गुलाबी दिसतो. डोळे आणि कान इथं कामाचे नव्हते. हेमराज शेंगदाणे घेऊन आला तो थेट आत्यांच्या पुढ्यात, आणि आत्यांनी पिशवी उचलून शिध्यात ठेवून दिली.

षष्ठीच्या आदल्या दुपारी आत्या आडव्या झाल्यावर हर्षला देवघरापाशी गेली. फोन हातात होता. परातीत शिधा मांडलेला, त्याच्या कडेला बसून हेमराज पातीच्या कांद्याची जुडी सोडवत होता.

"काही हवंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. दाणे... बरे आहेत ना?"

"चांगले आहेत. मी बघून आणलेत." त्यानं जुडी खाली ठेवली. "नीट बघून आणलेत, हर्षला."

तिनं फोन बाजूच्या फळीवर ठेवला. का ठेवला ते तिला सांगता आलं नसतं.

षष्ठीच्या सकाळी ऋजुता पुण्याहून आली आणि स्टेशनवरून परस्पर शेतावर पोचली. उन्हाला अजून धार नव्हती. बांधाच्या कडेला पुरुषांनी कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, रचून पेटवल्या होत्या आणि बामणोदची हिरवी, हातभर वांगी त्यात टाकली होती. पऱ्हाट्या भडभड जळतात, जाळ झटकन उठतो, झटकन बसतो. वांगी भाजून काळी पडली की बाहेर काढायची, साल काढायची आणि बडगीत, म्हणजे लाकडी डोणीत, मिरच्यांबरोबर ठेचायची. हर्षलानं पदर खोचून मुसळ हातात घेतलं. पूर्वी या वेळी धुराचा वास केसांत बसायचा, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा. आता डोळे चुरचुरले, तेवढ्यावरून धूर आहे हे कळलं.

"मम्मी, तुझा फोन कुठाय? तीन वेळा लावला," ऋजुता म्हणाली.

"घरी. आत्यांचा हुकूम."

"तू? पळीशिवाय?" ऋजुता हसली. "धन्य आत्या."

गर तयार झाला. मग हर्षला चुलीकडे वळली आणि तिथंच तिला आपली चूक दिसली.

शेगडी नव्हती. यंदा खोलीत दिरांनी खताच्या गोण्या लावल्या होत्या, म्हणून फोडणी बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर. कढई लोखंडी, गाडीच्या चाकाएवढी. दहा पाकळ्यांच्या जागी तीनशे. खाली पऱ्हाट्यांचा जाळ, कधी गुडघ्याएवढा, कधी वीतभर. एकतीस वर्षं ती नव्या मुलींना सांगत आली होती की ज्या परिस्थितीत मोजलं त्याच परिस्थितीत ते माप खरं. आणि स्वतः स्टीलच्या कढईतले सेकंद पाठ करून चुलीपुढं येऊन उभी राहिली होती. वही घरी होती, पण असती तरी काही उपयोग नव्हता.

"टाक लसूण, देव खोळंबलाय," आत्या खाटेवरून म्हणाल्या.

तिनं आधी शेंगदाणे परतून घेतले, मग खोबऱ्याचे काप, आणि लसूण टाकला. तडतड सुरू झाली असणार. पण जळणाऱ्या पऱ्हाट्याही तडतडतच होत्या आणि पलीकडे मंडळींनी "येळकोट येळकोट" म्हणत तळी उचलली होती. ती कढईवर वाकली. धूर डोळ्यांत गेला आणि पाण्याच्या पडद्याआड सगळंच बदामी दिसू लागलं. तिनं झारा फिरवला. अजून एकदा फिरवला. चाळीस माणसांचं जेवण आणि देवाचा नैवेद्य आपण आता करपवणार, आणि पहिल्या घासाला ऋजुता आपल्याकडे बघेल, हे तिला स्वच्छ दिसलं. त्या धुरात तेवढंच स्वच्छ दिसत होतं.

"हर्षला, आता."

हेमराज चुलीच्या पलीकडे उभा होता, वारा ज्या बाजूला जात होता त्या बाजूला. आवाज चढवून नव्हे, इंजिनाखालच्या माणसाला सांगावं तसं तो म्हणाला होता. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. दोन्ही हातांनी परात उचलून तिनं गर कढईत लोटला. चर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला.

"हेमराज!" आत्या खाटेवर उठून बसल्या. "तू हुंगलंस!"

"मी कुठं हुंगलं? वारा इकडचा आहे. वास आपणहून आला."

"तरी पण..."

"आता नाक काय खिशात घालू, आत्या? ही दहा माणसं माझ्यामागं उभी आहेत, यांना पण आला. सगळ्यांना चिमटा फेकून मारा."

मागची माणसं हसली. कुणीतरी लगेच नाक धरून दाखवलं. आत्यांनी सगळ्यांकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि निकाल दिला. "आला तो आला. ओढून घेतला नाही ना? मग चालतंय. दाखवा नैवेद्य."

पंगत बसली. ऋजुतानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि लगेच दुसरा घेतला. आत्या म्हणाल्या, "दाणे गोड आहेत." हर्षला वाढत राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं स्वतःचं ताट घेतलं आणि विहिरीच्या कट्ट्यावर हेमराजशेजारी जाऊन बसली. भरीत मऊ लागलं, तिखट लागलं, दाणा दाताखाली फुटला.

"कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं.

हेमराजनं रोडग्याचा तुकडा मोडला. "तापानंतर आठवडाभरानं. कढी खाली लागली होती. मी बाहेरून ओरडलो, कढी लागली म्हणून. तू आत येऊन पातेल्यात बघितलंस, आणि मग नाक मुरडलंस."

"मग?"

"आधी बघितलंस. तू पूर्वी आधी नाक मुरडायचीस, मग बघायचीस."

हर्षलाला हसू आलं आणि ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"म्हणून ते शेंगदाणे."

"दाणे, तेल, खोबरं. खवट होणारं सगळं. पळीवर माझा विश्वास नाही असं नाही. पण शेडमध्ये एकाच मीटरवर कधी सोडायचो नाही आम्ही. दोन लागतातच."

"आणि खुर्ची दारात."

"ती पण."

"बोलला का नाहीत?"

त्यानं हातातला तुकडा भरितात बुडवला. "तू इतकं नीट जमवलं होतंस. मला वाटलं, तुझं तू सांगशील. मग दिवस गेले, आणि वाटलं, आता विचारलं तर तुला वाटेल, मी पाळत ठेवून होतो."

"ठेवूनच होता."

"हो, म्हणजे होतोच."

हर्षला विचार करत होती. पळी नसती तर सहाव्या दिवशीच तिनं लसणाची पाकळी त्याच्या नाकापुढं धरली असती, बघा हो, मला येत नाहीये, म्हणून. यंत्रानं तिचं स्वयंपाकघर राखलं होतं, आणि ते एक वाक्य चौदा महिने लांबवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिला यंत्राचा राग आला नाही. एवढंच वाटलं की त्याला सोडून माणसाला विचारण्यासारखंही काही असतं.

ऋजुता हात धुऊन कट्ट्याकडे येत होती. हर्षलानं ताट बाजूला ठेवलं. "बस जरा. एक सांगायचंय."

तिनं सांगितलं. तक्ता भरल्यासारखं, तारखेपासून. ऋजुता शेजारी बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "फेगडे काकूंबद्दल मी बोलले होते, म्हणून?"

"हो."

"मम्मी, मी ते विचार करून नव्हते बोलले."

"माहीत आहे. पण बोलली होतीस."

ऋजुतानं खाली बघितलं. तिची बोटं अजून ओली होती. "आज लसूण कसा जमला मग?"

"पप्पांना विचार. ते वाऱ्यावर उभे होते."

"स्वयंपाकघर बंद नाही करायचं," ऋजुता हळूच म्हणाली. "पण कढई कोरडी पडली की आपोआप बंद होणारी शेगडी मी घेऊन देणार. त्यावर वाद नको."

"नाही घालणार."

"आणि पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशी येणार. मला शिकायचंय हे. वहीवरून नाही, तुझ्याकडून."

संध्याकाळी निघताना आत्यांनी हर्षलाला गाडीआड बोलावलं. भंडाऱ्याचा पिवळा ठिपका आत्यांच्या कपाळावर पसरला होता.

"तो तुझा हुंगणारा डबा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दूध नासलं की सांगतो का गं?"

"सांगतो, आत्या."

"मला एक आणून दे. गावाकडं दूध फार नासतं हल्ली. मला कळतच नाही कधी नासलं." मग घाईनं पुढं म्हणाल्या, "नैवेद्याला नाही वापरणार हं."

हर्षलानं त्यांच्याकडे बघितलं. आमटीवर फोन धरला त्या संध्याकाळी आत्या चकतीकडे किती वेळ बघत होत्या ते तिला आठवलं. ऐंशीच्या पुढं बऱ्याच जणांचं नाक मंदावतं, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. ते तिनं सांगितलं नाही.

"पुढच्या आठवड्यात घेऊन येते. कसं शिकवायचं ते पण दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुधाची पिशवी कापली. फोन फळीवरच होता, दोन दिवसांपूर्वी ठेवला होता तिथं. तिनं तो उचलून पिशवीशी धरला. हिरवा ठिपका आला. "दूध ताजं आहे," पळी म्हणाली. हर्षलानं फोनचा आवाज बोलण्याएवढा वाढवला.

"अहो," तिनं हाक मारली, "जरा इकडं या. हे बघा बरं."

हेमराज वर्तमानपत्र टाकून आला. त्यानं पिशवीवर नाक आणलं, डोळे बारीक केले.

"ताजं आहे."

"ते पळीनं पण सांगितलं. वास कसा आहे ते सांगा."

"कसा म्हणजे? दुधासारखा."

"तसं नाही. नीट सांगा."

त्यानं पुन्हा वास घेतला. छत्तीस वर्षं वायरींचे वास ओळखणाऱ्या माणसाला दुधासाठी शब्द सापडेना. तो पातेल्याकडे, खिडकीकडे बघत राहिला.

"थोडा ओल्या गवताचा आहे," शेवटी तो म्हणाला. "आणि मागून... ऋजुता तान्ही असताना तिच्या टाळूला यायचा ना, तसा. अगदी थोडा."

हर्षला पिशवी हातात धरून उभी होती. नाकापर्यंत काही आलं नाही. पण तो वास कसा असतो ते तिला आठवलं.

"बरं," ती म्हणाली आणि दूध पातेल्यात ओतलं. "आता तो हिंगाचा डबा घ्या."